ट्रंक ओट्यावर आहे की उंबऱ्याच्या आत

शुक्रवार पेठ, सोलापूर
माघ वद्य पंचमी, शके १८५५

वडिलांच्या जागी असलेले आमचे नारायणदाजी, आणि त्यांच्या शेजारी बसून हे पत्र ऐकत असलेली रुक्मिणीअक्का, या दोघांना धाकट्या हरिबाचा बसल्या जागेवरून दंडवत. (उठून घालायला हवा होता, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईल.) दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? एरंडेलाचा शेक चालू ठेवा, थंडी संपली म्हणून सोडू नका. अक्काचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल थांबला तर तिला म्हणावं हे पत्र ऐकताना हसू नको, खोकला वाढेल. इकडे आम्ही दोघं बापलेक खुशाल आहोत. म्हणजे दुर्गा खुशाल आहे. मी आपला आहे.

आमची मंडळी केराबाई अजून तुमच्याकडेच आहे आणि तिनं झाला प्रकार तुम्हाला सांगितला असणार, एकदा नाही, पाचपन्नासदा सांगितला असणार. तिचं सांगणं ऐकायला गोड असतं हे मला मान्य आहे. पण दाजी, एवढं ध्यानात घ्या की ती दुधनीला उतरली तेव्हा निम्मा प्रकार व्हायचा होता. तेव्हा तिच्या सांगण्यातला नंतरचा निम्मा भाग तिनं पाहिलेला नाही, आणि आधीचा निम्मा भाग ती शेजारच्या बाईशी बोलत होती म्हणून पाहिलेला नाही. म्हणून हे पत्र. शिवाय मला तुम्हाला एक विचारायचंही आहे, पण ते शेवटी. आधी विचारलं तर तुम्ही म्हणाल हरिबा घाबरला.

मी घाबरलेलो आहे.

आता मुळापासून सांगतो. माणूस प्रवासाला निघण्याआधी माझ्या दुकानात येतो. स्टेशनाबाहेर बसून रॉकेलचे डबे झाळायचो तेव्हापासून आजच्या या ट्रंकांच्या दुकानापर्यंत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण कोण कसा प्रवास करणार हे मला गिऱ्हाईक ट्रंकेला हात कसा लावतं त्यावरून कळतं. झाकण उघडून आधी कोपऱ्यांत बोटं घालणारा असतो. त्याला झुरळाची भीती असते आणि हा घरचं पाणी, घरचं अंथरूण, घरचा साबण घेऊन जाणार, आणि परगावच्या विहिरीला नावं ठेवत परत येणार. ट्रंकेवर बसून बघणारा असतो. हा जागेसाठी भांडणार. नाव मोठ्या अक्षरात रंगवून मागणारा असतो. याच्या डब्यात बसणाऱ्याला वाडी जंक्शनपर्यंत झोप नाही. आपली अक्का दोन दिवसांसाठी निघाली तरी पाटा-वरवंटा तेवढा मागे ठेवते आणि बाकीचं घर बरोबर घेते. (दाजी, हे वाक्य वाचून दाखवू नका.) केराबाईला सामान नसलं तरी चालतं, माणसं लागतात, सोलापूर सोडून होटगी येते न येते तोच तिला डब्यातल्या तीन बायकांच्या सुनांची नावं पाठ असतात आणि त्यांतल्या एकीची बाजू तिनं घेतलेली असते. आणि मी स्वतः कसा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी गाडीच्या आधी जातो. तुम्ही मागे म्हणाला होतात की हरिबा स्टेशनात शिरतो तेव्हा आदल्या गाडीची माणसं अजून बाहेर पडत असतात. ते खोटं नाही.

तर गेल्या महिन्यात तुम्ही दुर्गासाठी तुमच्या दुधनीच्या ज्ञानबांच्या गंगाधरचं स्थळ सुचवलंत. घर चांगलं, शेंगांची अडत, मुलगा स्वभावानं मोकळा, हे सगळं तुम्ही लिहिलंत आणि मी ते वाचून खूश झालो. पुढे तुम्ही सहज म्हणून एक ओळ टाकलीत की मुलगा खरेदीसाठी गावोगाव फिरत असतो, पण 'बरोबर एका पंचाशिवाय काही घेत नाही'. दाजी, त्या ओळीनं माझी झोप गेली. वीस-बावीस वर्षांत माझ्या दुकानात सगळ्या तऱ्हेची माणसं आली, पण सामानच न घेणारा माणूस माझ्या दुकानात येणार कशाला? ही एकच जात मला अनोळखी. आणि माझी लेक कशी आहे हे तुम्ही जाणता. शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला निघाली तरी कडी लावते, ओढून बघते, दहा पावलं जाते, परत येऊन ओढून बघते. माझ्या वळणावर गेली आहे. ज्याला कुलूप लागत नाही अशा घरात ही सुखानं राहील का, एवढीच माझी काळजी.

म्हणून ठरवलं की गंगाधर पोती घ्यायला सोलापुरात आला आहे, परत जाईल त्याच गाडीनं आपण तुमच्याकडे यायचं, आणि वाटेत त्याला नीट बघून घ्यायचं. त्याला अर्थातच काही कळू द्यायचं नाही. (असं मला वाटत होतं.)

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा पानाच्या दुकानदारानं अजून फळी उघडली नव्हती. बरोबर माझी स्वतःच्या हातची मोठी ट्रंक, हिरवा रंग, चापाचं कुलूप; वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचं गाठोडं आणि केराबाई. गाडी लागली, आम्ही बसलो, मी ट्रंक साखळीनं बाकाच्या पायाला बांधली, साखळीला वेगळं कुलूप घातलं, दोन्ही किल्ल्या एका कडीत घालून कमरेला खोचल्या. गंगाधरचा पत्ता नाही. घंटा झाली, पत्ता नाही. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि मी मनात म्हटलं, झालं, नापास. तेवढ्यात डब्याच्या दारात एक उंच मुलगा पळत पळत चढला, खांद्यावर पंचा, खिशात शेंगा, आणि केराबाईच्या पाया पडून माझ्यासमोर शांत बसला.

"मामा, बरं केलं लवकर आला," तो म्हणाला. "मला जागा झाली की."

दाजी, मी त्याला जागेवरून गुण दिले नाहीत.

होटगीला गाडी थांबते तिथं मी पानाचा डबा काढायला ट्रंक उघडली. डबा काढला, किल्ल्या कुठंतरी ठेवायच्या म्हणून क्षणभर आत, धोतरावर ठेवल्या, आणि झाकण दाबलं. टक्. तुम्हाला आमच्या चापाचा आवाज माहीत आहे. पत्रा ठोकून ठोकून माझे कान इतके तयार झाले आहेत की पेठेत कुणाच्या घरची ट्रंक मिटली तर माझी की दुसऱ्याची हे मी ओट्यावरून सांगतो. तो आवाज ऐकून मी गंगाधरला मोठ्या तोऱ्यात म्हटलं की हे कुलूप एकदा बसलं की चोराला काय, बनवणाऱ्यालाही उघडता येणार नाही. तो म्हणाला, "लई बेस." आणि शेंगा सोलत बसला.

अक्कलकोट रोड गेल्यावर मी सवयीनं कमरेला हात लावला.

किल्ल्या आत, आणि वर चाप बसलेला. केराबाई तोवर बोरोटीच्या एका बाईला जावयाचं काय करावं ते सांगत होती. मी बाकाचा पाय हलवून बघितला, साखळी ओढून बघितली, झाकणाच्या फटीत नख घालून बघितलं. आमच्या ट्रंकेत नख जात नाही. हे मी गिऱ्हाइकाला अभिमानानं दाखवतो, दाजी, आणि पुढेही दाखवीन, पण त्या दिवशी दाखवावंसं वाटलं नाही. दुधनी आली. केराबाई गाठोडं घेऊन उतरली, "चला की" म्हणाली. मी म्हटलं ट्रंक निघत नाही. ती म्हणाली, मग ट्रंक राहू दे, तुम्ही उतरा. पस्तीस वर्षांच्या संसारात बाईनं नवऱ्याला इतकं कमी ओळखावं याचं मला वाईट वाटलं. गाडी सुटली. आणि गंगाधर, जो तोवर स्वतःच्या गावच्या फलाटावर उतरून उभा होता, तो पुन्हा पळत येऊन चढला.

"तू कशाला आलास?" मी विचारलं.

"तुमी एकटं कुटं जाणार?" तो म्हणाला. "आन् मला काय, घेऊन उतरायचं हाय तर पंचाच की."

हे मी मनात टिपून ठेवलं, पण कुठल्या बाजूला टिपायचं ते कळेना.

मधल्या बारीक स्टेशनांवर हत्यार मिळेना, म्हणून आम्ही थेट गुलबर्ग्यापर्यंत गेलो. म्हणजे निजामाच्या हद्दीत. तिथं गाडी पाणी घ्यायला बरीच थांबते. गंगाधर गेला आणि एका फिटरला छिन्नी-हातोड्यासकट घेऊन आला. आणि दाजी, इथं ऐका. दुसरा कुणी मोकळा गडी असता तर त्यानं एका घावात झाकण उडवलं असतं, आणि लोकांनी त्याला शाबासकी दिली असती. यानं फिटरचा हात धरून ठेवला आणि मला विचारलं, "मामा, पेटी तोडायची का साखळी? तुमी म्हणाल ते." साखळी बाजारची, ट्रंक माझी. मी साखळीकडे बोट दाखवलं. साखळी तुटली. ट्रंक आम्ही दोघांनी खाली घेतली (कंबर ती तिथं धरली) आणि सुटलो म्हणतो तोच करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरचा मुन्शी समोर.

मुन्शी माणूस सभ्य होता, फक्त ट्रंक मुठीनं वाजवत होता. पत्रा बोटानं वाजवतात. त्यानं विचारलं आत काय आहे. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: अक्काचं लुगडं, दाजींचं धोतर, ज्ञानबांच्या घरासाठी दोन चादरी, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, माझे दोन सदरे, एक बनियन उजव्या काखेत फाटलेली. तो म्हणाला, "इतना याद है तो खोलो." मी म्हटलं किल्ली आत आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाटायला लागलं, आत अफू असणार.

मला ट्रंकेवर बसवून गंगाधर मुन्शीला जरा लांब घेऊन गेला आणि त्याच्या हातात शेंगा ठेवल्या. मी डोळे मिटून घेतले. माणसं डोळे मिटलेल्यासमोर खरं बोलतात, आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

मुन्शीनं विचारलं, "ये बड़े मियाँ कौन लगते तुम्हारे?"

"सुसरे."

"लगते, कि लगनेवाले?"

"वो उनकू पूछो," गंगाधर म्हणाला. "मेरा इम्तहान लेने कू निकले थे. पेटी उनकीच अटक गई."

मुन्शी इतका हसला की त्याला शेंगेचा ठसका लागला. म्हणजे मुलाला सगळं पहिल्यापासून कळलं होतं, दाजी. सोलापूरपासून. मी डोळे आणखी घट्ट मिटले. मग मुन्शीनं विचारलं की तुझं सामान कुठाय. गंगाधर म्हणाला की मी सामान ठेवतच नाही. "सामान रहा तो पेट में गोला उठता, साहब. गुम तो नहीं होता, पीछे तो नहीं छूटता. टेशन पे जल्दी आया तो बैठे बैठे छाती धडधड करती, वास्ते भागते आता." आणि मग माझ्याकडे मान करून म्हणाला, "इनकू सामान नहीं रहा तो गोला उठता. गोला एकच है."

दाजी, मी गेली वीस वर्षं माणसं ट्रंकेवरून ओळखतो आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की तो बेफिकीर आहे आणि मी काळजीवाला. जे हरवायची आम्हा दोघांना धास्ती वाटते ते मी बांधून बरोबर नेतो, आणि तो घरीच ठेवून येतो, एवढाच काय तो फरक. त्या क्षणी मला तो मुलगा थोडा माझ्यासारखा दिसला, आणि त्यामुळे बरं वाटण्याऐवजी जास्तच काळजी वाटली. एका घरात असे दोघं म्हणजे कडी किती वेळा ओढून बघायची?

मुन्शीनं शेवटी माल आत येत नाही, परत जातो आहे, हे मान्य केलं, ट्रंकेला लाखेचा शिक्का मारला, आणि जाता जाता गंगाधरला विचारलं की असं कुलूप मिळतं कुठं, आमच्या कचेरीच्या पेटीला हवं आहे.

"शुक्रवार पेठ, सोलापूर," मी म्हणालो. डोळे मिटूनच.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. गंगाधर म्हणाला, "मामा झोपेत बी दुकान उघडं ठेवतात." परतीच्या गाडीत उन्हं उतरल्यावर खिडकीतून गार वारा यायला लागला, तेव्हा त्यानं खांद्यावरचा पंचा काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. एवढंच.

आता जे घडलं ते केराबाईनं फलाटावरून पाहिलं असेल, मी आतून पाहिलं. दुधनी आली तेव्हा ज्ञानबा बैलगाडी घेऊन उभे, बरोबर त्यांच्या मंडळी मायाक्का, केराबाई, आणि पाचसहा बायामाणसं. (तुम्ही गुडघ्यामुळे घरी होतात म्हणून तुम्हाला हे नीट माहीत नसणार, आणि म्हणूनच मी तुम्हाला विचारतो आहे.) गंगाधरनं आधी ट्रंक खाली दिली. बापलेकांनी ती उचलून बैलगाडीत ठेवली, आणि मी उतरायला दांडीला हात घातला तोच मायाक्का करंडा घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी झाकणाला हळदीकुंकू लावलं.

दाजी, आपल्यातली रीत तुम्हाला मी सांगायला नको. मुलीकडची पेटी मुलाकडे ओट्यावर ठेवली तर ते पाहुण्याचं सामान. उंबरा ओलांडून आत गेली तर होकार. पुढे सुपारी फुटते ती नुसती नावाला. माझ्या त्या ट्रंकेत नारळ, हळदीकुंकू आणि त्यांच्या घरच्या चादरी. मी होकार दिलेला नाही, नकार दिलेला नाही, मी तर अजून गुणच मोजत होतो, आणि माझी ट्रंक बैलगाडीत बसून माझ्याआधी सोयरीक करायला निघाली. माझा पाय पायरीवर तसाच राहिला. गंगाधर खालून "मामा, उतरा की" म्हणत होता. गाडी सुटली. एका दिवसात दुधनी माझ्यासमोरून दोनदा गेली, आणि मी तिच्यात एकदाही उतरलो नाही.

तेव्हापासून मी सोलापुरात, डोक्याला लेकीच्या होणाऱ्या किंवा न होणाऱ्या नवऱ्याचा पंचा. रात्री कूस बदलली की तीच काळजी. आत गेली असेल तर मी न विचारताच लेक दिली असं होतं. ती आयुष्यभर म्हणेल की बाबांनी मला ट्रंकेबरोबर पाठवली. ओट्यावर असेल तर त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवली, म्हणजे ज्या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी गाडीतून उतरता येत नाही त्याच्याशी नातं नको असं त्यांनी ठरवलं. यांतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. दुकानात बसतो, पण गिऱ्हाईक कोपऱ्यात बोट घालतं की वर बसतं तिकडे लक्ष नाही. काल एकानं नाव रंगवायला सांगितलं, मी त्यावर 'गंगाधर' रंगवलं. तो मनुष्य खान होता.

म्हणून विचारायचं ते हे: दाजी, गुडघा चालत असेल तर काठी घेऊन ज्ञानबांच्या दारावरून एकदा जा. थांबू नका, विचारू नका, चंची सोडायच्या निमित्तानं नुसतं बघा. ट्रंक ओट्यावर आहे की उंबऱ्याच्या आत? एवढं एका ओळीत कळवा. केराबाईला पाठवू नका, ती ज्ञानबांच्या घरात शिरली तर पुढच्या संक्रांतीपर्यंत परत यायची नाही. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राला उत्तर येईपर्यंत मी जेवतो आहे असं समजा.

तुमचा आज्ञाधारक,
हरिबा ट्रंकवाला

ता. क. ट्रंक ओट्यावरच असेल तर एक करा. माघातलं दव वाईट, हिरव्या रंगाला डाग पडतात, आणि तो रंग मी स्वतः तीन हात दिलेला आहे. ज्ञानबांना म्हणावं, कृपा करून आत घ्या. रंगासाठी म्हणतो आहे.

ता. क. दुसरा. कुणाला न सांगता गंगाधरला एवढं विचारा, त्याला सवड कधी आहे. मला एकदा दुधनीला यायलाच हवं, आणि एकट्यानं त्या गाडीत पाय ठेवण्याचा धीर मला आता नाही. त्यानं येऊन मला घेऊन जावं. पळत आला तरी चालेल. जागा मी धरून ठेवतो.

ता. क. तिसरा. कुलपाची दुसरी किल्ली या पाकिटात घालून पाठवायची होती, म्हणजे तुम्ही ती गंगाधरच्या हातात दिली असतीत. पाकीट चिकटवायला घेतलं, बघतो तर खिळ्यावर किल्ली नाही. दुर्गाला विचारलं. ती तो पंचा धुऊन, वाळवून घडी घालत बसली होती. म्हणाली, "पाकिटातून हरवती, बाबा. मी जाईन तवा घेऊन जाईन." मग उठून दाराची कडी ओढून बघितली आणि स्वैपाकाला लागली.